डाव्या बाजूचा गडी

आई गेल्यावर आबा साताऱ्याच्या घरात एकटेच राहिले होते. माझा रोजचा फोन दोन वाक्यांत संपायला लागला, तेव्हा मी त्यांच्यासाठी लाँग टर्म व्हिजिट पास, म्हणजे बरेच दिवस राहायचा परवाना काढला आणि त्यांना इकडे परदेशात, यिशुनला, माझ्या भाड्याच्या फ्लॅटवर घेऊन आले. ते आले, पण गप्पच. मी सकाळी हार्बरफ्रंटच्या ऑफिसला निघायचे तेव्हा ते खिडकीपाशी बसलेले असत आणि संध्याकाळी परत यायचे तेव्हाही तिथेच. जेवलात का, हो. फिरून आलात का, हो. वडिलांना इथं आणून आपण त्यांची फक्त खिडकी बदलली, असं मला वाटायला लागलं होतं.

आबा शाळेत पी.टी.चे शिक्षक होते. तरुणपणी जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळले, डाव्या कोपऱ्यावर. नंतर जन्मभर मुलांना कबड्डी शिकवली. गुडघे अजून शाबूत. एका सकाळी काय वाटलं कोण जाणे, ते खाली बिल्डिंगच्या व्यायामाच्या कट्ट्यावर गेले. तिथं दोन चिनी आजोबा बैठका काढत होते. आबांना त्यांच्या बैठका बघवल्या नाहीत. भाषेचा प्रश्नच नव्हता. त्यांनी एकाच्या पाठीवर हात ठेवून ती सरळ केली, दुसऱ्याच्या टाचा जमिनीला टेकवल्या आणि स्वतः करून दाखवलं.

हे सगळं एक बाई थांबून बघत होत्या. आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्याहून दोन मजले वर राहणाऱ्या. उंच, पन्नाशीच्या, अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय बाई. तुआसच्या एका शिपयार्डात मरीन इंजिनिअर होत्या आणि कंपनीच्या बसची वाट बघत होत्या. मी ऑफिसला जायच्या घाईत लिफ्टमधून बाहेर पडले, तर त्या आबांना विचारत होत्या, "तुम्ही कोच आहात का?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच शाळेतल्या इंग्रजीत म्हणाले, "कबड्डी कोच. तुम्हाला माहीत नसेल."

"कबड्डी माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण कोच कसा उभा राहतो ते माहीत आहे. माझा मुलगा फुटबॉल खेळतो."

त्या दिवसापासून त्या आबांना 'कोच' म्हणू लागल्या आणि आबा त्यांना 'बाई', जसं शाळेतल्या शिक्षिकांना म्हणायचे तसं. आपल्याला आडनावाऐवजी ही हाक का मिळाली, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यांचा मुलगा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता. हंगाम सुरू होणार होता आणि एवढ्या लांबून सामने एकटीनं बघायचा त्यांना कंटाळा आला होता. माझा टीव्ही मोठा. रविवारी सकाळी येऊ का, असं त्यांनी विचारलं. त्यांच्याकडे शनिवारी दुपारी सामना असला की आपल्याकडे मध्यरात्र. म्हणून त्या शनिवारी संध्याकाळीच फोन बंद करून ठेवत, निकाल कळू देत नसत आणि रविवारी नाश्त्याला रेकॉर्डिंग बघत. सामना तिकडे संध्याकाळी असला, तर मात्र आपल्या सकाळीच थेट दिसायचा.

पहिल्या रविवारी त्या लोखंडी तव्यातून मक्याचा जाडजूड ब्रेड घेऊन आल्या. आबांनी तुकडा मोडला, चावला आणि मला म्हणाले, "मक्याची भाकरीच आहे की. पण गोड का केलीय?" मी फ्रिजमधला ठेचा काढून दिला. बाईंनीही त्यांचं बघून ब्रेडला ठेचा लावला, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि परत लावला. पुढच्या रविवारी त्यांनी साखर घातली नव्हती.

सामना सुरू झाला आणि आबा गोंधळले. "हा फुटबॉल? हातात घेऊन पळतायत."

मला तरी कुठं कळत होतं. बाईंनी टीव्हीजवळ जाऊन बोटानं दाखवलं. हा मधला चेंडू फेकणार. त्याला फेकायला दोन-तीन क्षण मिळाले पाहिजेत. समोरचे त्याच्यावर तुटून पडणार. त्याच्या पुढं हे पाच जण उभे, त्यांचं काम त्या लोकांना अडवणं. फेकणारा उजव्या हाताचा असला की त्याची पाठ डाव्या बाजूला होते, तिकडचं त्याला काही दिसत नाही. ती बाजू जो सांभाळतो, तो माझा मुलगा.

"डावा कोपरा," आबा म्हणाले. पाय खाली सोडून ते खुर्चीच्या कडेला सरकले. "चेंडू याच्याकडे कधी येतो?"

"कधीच नाही," बाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत त्यानं सामन्यात चेंडूला हात लावलेला नाही. त्याचं नाव फक्त चूक झाल्यावर माइकवर ऐकू येतं."

आबा हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी चेंडूकडे बघायचं सोडूनच दिलं. सगळं स्टेडियम चेंडूमागे धावायचं आणि हे दोघं डाव्या बाजूच्या एका गड्याकडे बघत बसायचे. आबांना एकच गोष्ट पटत नव्हती. अडवायचं, पण धरायचं नाही. धरलं की चूक. "पकड करायची नाही? मग अडवायचं कसं?" असं त्यांनी मला इतक्यांदा विचारलं की शेवटी मी बाईंना विचारून सांगितलं: पायांनी. समोरच्याच्या आधी तुमचे पाय तिथं पोचले पाहिजेत. यावर आबांनी मान डोलावली. हे त्यांना कळण्यासारखं होतं.

पहिला सामना मुलाचा संघ वाईट तऱ्हेनं हरला. दुसराही. आदल्या वर्षी तर एक सोडून सगळे हरले होते, यंदा कोच नवा होता, आणि त्यांचा चेंडू फेकणारा गुणी मुलगा उन्हाळ्यात एका मोठ्या, श्रीमंत विद्यापीठाकडे निघून गेला होता. असं हल्ली दर वर्षी होतं, बाई म्हणाल्या. छोट्या कॉलेजांनी पोरं घडवायची आणि मोठ्यांनी न्यायची. त्यांच्या मुलालाही फोन आला होता, त्यांच्याच राज्यातल्या सगळ्यात मोठ्या विद्यापीठातून. दोन मिनिटं तर मलाही वाटलं जावं त्यानं, त्या म्हणाल्या.

"मग?" मी विचारलं.

"तो म्हणाला, आजोबांच्या वेळी त्यांचा फोन आला नव्हता."

मला संदर्भ कळला नाही. तेव्हा त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. त्यांचं कॉलेज गुलामगिरी संपल्यानंतर निघालं, कृष्णवर्णीय मुलामुलींसाठी, कारण इतरत्र त्यांना दारातही उभं करत नव्हते. पहिल्या विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून इमारती बांधल्या. त्यांचे वडील तिथंच शिकले आणि तिथंच फुटबॉल खेळले. ते चांगले खेळाडू होते, पण राज्याचं मोठं विद्यापीठ त्या काळात कृष्णवर्णीय मुलाला वर्गातही घेत नसे, मैदानाचं तर सोडाच. बाई स्वतः तिथूनच शिकून इंजिनिअर झाल्या. आता मुलगा.

मी आबांना मराठीत सांगत होते. विटांचं सांगितल्यावर त्यांनी मला थांबवलं. आबा स्वतः एका बोर्डिंगात राहून शिकले होते. मुलांनीच शेत कसायचं, मुलांनीच स्वयंपाक करायचा, सगळ्या जातींच्या पोरांनी एका पंगतीला बसायचं आणि शिकायचं. त्यांच्या घरात त्यांच्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. लहानपणापासून ऐकलेल्या या गोष्टीचा मला खरं तर कंटाळा होता. पण ते मला म्हणाले, "बाईंना सांग, आमच्या बोर्डिंगची पूर्वेकडची भिंत आम्ही बांधलीय. थोडी वाकडी आहे, पण अजून उभी आहे." मी सांगितलं. बाई उठल्या आणि त्यांनी आबांशी हस्तांदोलन केलं.

तिसरा सामना मुलाच्या संघानं जिंकला. चौथाही. नवा फेकणारा मुलगा अंगानं किरकोळ होता, घाबरत होता, पण डावी बाजू भक्कम आहे म्हटल्यावर हळूहळू त्याची मान वर यायला लागली. हे मला आबांनी दाखवलं. "बघ, आता तो मागं वळून बघत नाही," ते म्हणाले. खरंच, आधी तो चेंडू हातात आला की खांद्यावरून मागं बघायचा. आता बघत नव्हता.

आणि मध्यंतर. मध्यंतराला इथं कुणी जागचं उठत नाही, असं बाईंनी आधीच बजावलं होतं. कॉलेजचा बँड मैदानात आला. शे-दीडशे मुलंमुली, गुडघे कमरेपर्यंत उचलत, पितळी वाद्यं एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे. सगळ्यांत पुढचा मुलगा कमरेतून मागं वाकत गेला, वाकत गेला, आणि त्याच्या उंच टोपीचा तुरा मागच्या गवताला टेकला. आबांनी आयुष्यभर पंधरा ऑगस्टला लेझीम बसवलं होतं. ते उभे राहून बघत होते. संपल्यावर म्हणाले, "यांचा मास्तर किती महिने पहाटे उठला असेल." बाईंनी भाषांतर मागितलं आणि ऐकून म्हणाल्या, "बाई आहेत त्या. आणि हो, खूप कडक आहेत."

पुढच्या सामन्याला ते घडलं. सामना तिकडे संध्याकाळचा होता, त्यामुळं आम्ही थेट बघत होतो. खेळाडूंचा ढिगारा झाला, जसा दर वेळी होतो, सगळे उठले आणि डाव्या बाजूचा उठला नाही. उजवा पाय कुणाच्या तरी अंगाखाली भलत्याच बाजूला वळलेला दिसला. मग कॅमेऱ्यानं नजर फिरवली. दोन्ही संघांचे खेळाडू, सगळे, एक गुडघा जमिनीला टेकवून बसले. त्यांच्याकडे अशी रीत आहे.

बाई ओरडल्या नाहीत. टीव्हीसमोर उभ्या राहिल्या, हातात टेबल पुसायचं फडकं होतं, त्याची घडी घालत राहिल्या. समालोचक बोलतच होते. आबांनी उठून आवाज बंद केला.

"त्यानं पायाची बोटं हलवली," आबा म्हणाले. "मी बघितलं. सांग त्यांना."

मी सांगितलं. बाई सोफ्यावर बसल्या. स्ट्रेचर आलं, गेलं, खेळ पुन्हा सुरू झाला आणि आम्ही तिघं आवाज नसलेल्या टीव्हीसमोर बसून फोनची वाट बघत राहिलो. शेवटी कॉलेजच्या डॉक्टरांचा फोन आला. गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता. ऑपरेशन करावं लागेल, चालेल-फिरेल, पण त्याचा हंगाम संपला. शेवटचं वर्ष असल्यामुळं सगळंच संपलं.

बाई वर गेल्यावर मी आबांना विचारलं, "बूट घातलेले होते. बोटं कशी दिसली तुम्हाला?"

"नाहीच दिसली," ते म्हणाले. "पण त्यांना बसायला लावायला हवं होतं. पडल्या असत्या."

ऑपरेशन नीट झालं. बाई लगेच जायला निघाल्या होत्या, मुलानंच अडवलं. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला शेवटच्या वर्षाचे खेळाडू आईवडिलांचा हात धरून मैदानावर चालत येतात. तेव्हा ये, आत्ता येऊन काय करणार, असं म्हणाला. त्याचे वडील तो लहान असतानाच वारले होते. हात धरायचा तर आईचाच. बाई थांबल्या. पण मग तो फोनच उचलेना. उचलला तर हो, नाही, ठीक. त्या उत्तरांची चाल मला चांगलीच ओळखीची होती. तो मैदानाकडे फिरकत नव्हता आणि सामना असतानाही हॉस्टेलच्या खोलीत पडून राहायचा, हे बाईंना त्याच्या मित्राकडून कळलं.

एका रविवारी बाई आल्या त्या ब्रेड न घेताच. आबांनी विचारलं, "पोराशी मला बोलता येईल का?"

मला वाटलं, आता हे धीर धरण्याबद्दल भाषण देणार आणि ते मला भाषांतरित करावं लागणार. व्हिडिओ कॉल लागला. आडवातिडवा धिप्पाड मुलगा, डोळे सुजलेले, पाय उशीवर. "सर," तो सभ्यपणे म्हणाला.

आबांनी तब्येतीची चौकशी केलीच नाही. ते म्हणाले, "तुझ्या जागी जो नवा पोरगा खेळतोय, त्याच्या बाहेरच्या अंगानं समोरचे सारखे निसटतायत. का? त्याची ताकद कमी आहे का?"

मी भाषांतर केलं. मुलगा म्हणाला, "ताकद नाही कमी. माझ्यापेक्षा जास्तच आहे."

"मग?"

"तो पहिलं पाऊल उशिरा टाकतो. समोरचा हलला की हलतो."

"मग कधी हलायचं?"

"चेंडू हलला की. समोरच्याकडे बघायचंच नाही." मुलगा कोपरावर रेलून उठायला लागला. "आणि त्याचं वजन टाचांवर असतं. टाचांवर वजन असलं की बाजूला सरकताच येत नाही."

"आमच्याकडे पुढच्या पंजावर ठेवतात," आबा म्हणाले आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. मी फोन मागं धरला. बैठ्या पवित्र्यात, हात पुढं, आबा माझ्या हॉलमध्ये डावीकडे सरकले. "असं?"

"गुडघे थोडे आत, सर."

"असं?"

"हो. पण हात इतके लांब नाही. लांब केले की तोल जातो."

अर्धा तास हे चाललं. शेवटी शेवटी तर मी भाषांतर करायचंही सोडून दिलं होतं. दोघं पाय आणि हात दाखवूनच बोलत होते. फोन ठेवताना आबांनी एवढंच विचारलं, "हे त्या पोराला कुणी सांगितलंय का?"

आबांना खरंच जाणून घ्यायचं होतं की त्यांनी हे मुद्दाम केलं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मला ते पहिल्या पावलाचं माहीत नव्हतं. चांगलं सांगतो पोरगा."

दोन दिवसांनी सकाळी बाई तुआसच्या बसला जाताना आमच्या दारात थांबल्या. मुलगा कुबड्या घेऊन सरावाला गेला होता. बाकावर बसून, नव्या पोरावर ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता.

त्यानंतरच्या सामन्यांत आम्हाला दोन गोष्टी बघायच्या असत. डाव्या बाजूचा नवा गडी, आणि मैदानाच्या कडेला कुबड्यांवर उभा असलेला जुना. प्रत्येक खेळी संपली की नवा पोरगा कडेला बघायचा. जुना कधी हातानं खाली बस म्हणून दाखवायचा, कधी नुसती मान हलवायचा. एक सामना ते हरले, कारण तो पोरगा दोनदा साफ चुकला. दुसऱ्यांदा चुकल्यावर तो मैदानाबाहेर येऊन हेल्मेट आपटणार होता, तेवढ्यात बाईंच्या मुलानं कुबडी आडवी धरून त्याला थांबवलं आणि कपाळाला कपाळ लावून काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते कुणालाच कळलं नाही. आबा म्हणाले, "हरलेला सामना आहे, पण मी पन्नास पोरांना हा दाखवला असता."

शेवटच्या घरच्या सामन्यासाठी बाई गेल्या. जाताना ठेच्याची बाटली मागून नेली. त्या रविवारी आम्ही दोघंच टीव्हीसमोर होतो. मी शनिवारी संध्याकाळीच दोघांचे फोन कपाटात ठेवून दिले होते.

सामन्याआधी शेवटच्या वर्षाची मुलं एकेक करून आली. बहुतेकांबरोबर आईवडील, एकाबरोबर आजी, एकाबरोबर अख्खं खानदान. मग बाई आल्या. पिवळी टोपी, पिवळा ड्रेस. तुआसच्या निळ्या कपड्यांतच पाहायची सवय असल्यानं मी क्षणभर ओळखलंच नाही. एका बाजूला कुबडी, दुसऱ्या बाजूला आई, असा तो हळूहळू चालत मैदानाच्या मध्यापर्यंत आला. बाकीच्यांपेक्षा त्याला बराच वेळ लागला. बँड थांबला नाही. तो पोचेपर्यंत वाजवत राहिला. तिथं पोचल्यावर बाईंनी टोपी काढली आणि मुलाच्या छातीला डोकं टेकलं. आबा उभेच होते. बसा म्हटलं तर ऐकू आलं नाही त्यांना.

समोरचा संघ शेजारच्याच गावचा, जुना प्रतिस्पर्धी. सामना शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. अखेरच्या मिनिटांत आपले मागं होते (तोवर मी त्यांना 'आपले' म्हणायला लागले होते) आणि चेंडू लांब फेकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. समोरचा सगळ्यांत चपळ गडी डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. नव्या पोरावरच येणार हे उघड होतं. चेंडू हलला. पोराचं पाऊल त्याच क्षणी पडलं. समोरचा बाहेरून गेला, पोरगा तिथं आधीच होता. आतून वळला, तिथंही होता. फेकणाऱ्यानं मागं न बघता, निवांत, जणू मैदानात दुसरं कुणी नाही अशा थाटात चेंडू फेकला. तो कुणी झेलला, कसा झेलला, हे मी नंतर रिवाइंड करून बघितलं. त्या वेळी आम्ही दोघंही डावीकडेच बघत होतो.

ते जिंकले. पण दुसरीकडच्या एका निकालामुळं अजिंक्यपदाच्या सामन्यात त्यांना जागा मिळाली नाही. बाई परत आल्यावर मी त्याबद्दल हळहळले, तर त्या म्हणाल्या, "आदल्या वर्षी आम्ही एकच जिंकलो होतो. आम्हाला जेवढं मोजायचं होतं तेवढं झालं." आबांसाठी त्यांनी कॉलेजचा टी-शर्ट आणला होता, मुलाच्या मापाचा. आबांच्या तो गुडघ्यापर्यंत आला.

डिसेंबरात आबा साताऱ्याला परत गेले. मी राहायचा आग्रह केला, पण त्यांनी आधीच गावच्या शाळेच्या हेडमास्तरांना फोन केला होता. आता ते रोज संध्याकाळी तिथल्या मुलींना कबड्डी शिकवतात. पहिलं पाऊल कधी टाकायचं, हे ते त्यांना एका अमेरिकन पोराचा दाखला देऊन सांगतात, आणि मुलींना ती थाप वाटते.

बाईंचा मुलगा पदवी घेऊन त्याच कॉलेजात पुढं शिकतोय आणि शिकता शिकता फेकणाऱ्याच्या पुढं उभ्या राहणाऱ्या पाच जणांना तयार करायला कोचला मदत करतो. थोडा लंगडतो. पुन्हा खेळणार नाही. बाईंना याचं वाईट वाटतं का, असं मी एकदा लिफ्टची वाट बघताना विचारलं.

"वाटतं," त्या म्हणाल्या. "त्याचं खेळणं फार सुंदर होतं. आणि ते बघणारे आम्ही चार-पाच जणच होतो."

लिफ्ट आली. आत शिरून त्यांनी बटण दाबलं आणि विचारलं, रविवारी सामना बघताना कोचना व्हिडिओवर घेता येईल का, साताऱ्यात तेव्हा किती वाजलेले असतात.